छोट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जास्त वजन सुरक्षितपणे न्यायचे असल्यास नेमके काय बदलावे?

कुळागरी (सत्तरी)

नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या आतल्या बाजूला आमचे कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आहे. त्यासाठी माझ्याकडे एक छोटा ट्रॅक्टर आणि मागे जोडायची एका अ‍ॅक्सलची, दोन चाकांची ट्रॉली आहे. ट्रॉली जुनी विकत घेतलेली असून तिच्या नोंदणीपुस्तकात रिकामे वजन ५०० किलो आणि भरलेले एकूण वजन २,००० किलो असे लिहिलेले आहे. आजवर तिच्यातून नारळ, सुपारी, शेणखत आणि सुका पाला एवढेच नेले, त्यामुळे वजनाचा विचार करण्याची वेळ कधी आली नाही. आता व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेचा बांध चिऱ्यांनी (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांनी) पक्का करायचा आहे आणि रस्त्यापासून व्हाळापर्यंतची वाट उतरणीची आहे. साधारण आठ फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली, असा तिचा उतार आहे.

आमच्या भागातल्या एका वेल्डिंगवाल्याने ट्रॉली पाहून सांगितले की, ५० मिलिमीटरच्या चौकोनी अ‍ॅक्सलच्या जागी ६० मिलिमीटरचा बसवू, कमानीत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन पाटे वाढवू, हौद्याचे फाळके (बाजूच्या फळ्या) फूटभर उंच करू, आणि मग अडीच टन माल बिनधास्त भरा. खर्च परवडण्यासारखा आहे. तथापि ‘बिनधास्त’ या शब्दानेच मला थोडी धास्ती वाटली, म्हणून येथे विचारत आहे. एवढे बदल पुरेसे आहेत का?

बाणस्तारीकर

आधी चिऱ्यांचा हिशेब मांडा. चिरा सच्छिद्र असल्याने पाणी पितो; त्याच मापाचा चिरा कोरडा असताना ३० ते ३५ किलो भरत असेल, तर पावसात भिजल्यावर ४० किलोच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या कागदावरच्या १,५०० किलो मालात कोरडे चिरे ४२-४३ बसतील, ओले मात्र ३७ वर थांबवावे लागतील. मजूर चिरे नगावर मोजतात, वजनावर नव्हे, त्यामुळे ट्रॉली ओव्हरलोड झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

यंत्रशाळा (फोंडा)

कुळागरीदादा, तुमच्या वेल्डिंगवाल्याचे सगळेच चुकीचे आहे असे नाही, पण त्याने प्रश्नाचा एकच भाग सोडवला आहे. ट्रॉलीची क्षमता अ‍ॅक्सल, कमान, हब (चाकाचा मध्यभाग), बेअरिंग, रिम, टायर, चॅनेल (सांगाड्याची लोखंडी तुळई), दांडी (ट्रॅक्टरला जोडायचा दांडा), पिन, ब्रेक आणि पुढचा ट्रॅक्टर यांपैकी जो भाग सर्वांत कमकुवत असेल त्याच्याएवढीच असते. दोन भाग बळकट केले म्हणजे मोडण्याची जागा तिसरीकडे सरकते एवढेच.

अ‍ॅक्सलपासून सुरुवात करतो, कारण तेथे त्यांचा सल्ला सर्वांत चांगला आहे. चौकोनी भरीव अ‍ॅक्सलची वाकण्याविरुद्धची ताकद बाजूच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ५० ऐवजी ६० मिलिमीटर घेतल्यास, पोलाद त्याच प्रतीचे असेल तर, ताकद सुमारे १.७ पट होते. मात्र अ‍ॅक्सल वाकवणारा जोर ठरतो तो कमानीची बैठक आणि चाकाचा मध्य यांतल्या अंतरावर. ट्रॉली रुंद दिसावी म्हणून चाके बाहेर सरकवली आणि कमानी जुन्या जागीच ठेवल्या, तर हे अंतर जितके वाढेल तितकाच जोर वाढतो आणि जाड अ‍ॅक्सलचा फायदा तेथेच खर्ची पडतो. म्हणून नवा अ‍ॅक्सल जुन्याच रुंदीचा घ्या, किंवा कमानींची बैठक शक्य तेवढी चाकांजवळ आणा. टोकाचा स्टब (ज्यावर चाक बसते तो भाग) आणि बेअरिंग जुन्याच मापाचे ठेवून मधला भाग तेवढा जाड करणे हा पैशांचा अपव्यय आहे. अ‍ॅक्सल, हब आणि बेअरिंग यांचा जुळलेला संच एकत्र घ्यावा.

कमानीत त्याच जाडीचे पाटे वाढवल्यास ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. पाचाचे सात पाटे केले, तर कमान ४० टक्क्यांनी ताठर होईल. याचा दुसरा परिणाम असा की, रिकामी ट्रॉली खडबडीत वाटेवर उड्या मारू लागेल आणि त्या उड्यांचे धक्के चॅनेलच्या जोडांना बसतील. पाट्यांवर कधीही वेल्डिंग करू देऊ नका. कमानीचे पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेले असते. ज्योत किंवा वेल्डिंग लागले की ती जागा ठिसूळ होते आणि भर उतारावर तेथेच तडकते. कमान अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्टही पाट्यांच्या वाढलेल्या थरानुसार नव्या लांबीचे हवेत, जुने ओढूनताणून बसवू नयेत.

चॅनेलचे काय, हे त्यांनी सांगितलेच नाही. तुमच्या मुख्य चॅनेलची उंची मोजा. छोट्या ट्रॉल्यांत बहुधा ७५ मिलिमीटरचा चॅनेल असतो. त्याऐवजी १०० मिलिमीटरचा वापरल्यास वाकण्याविरुद्धची ताकद पावणेदोन पटीहून थोडी अधिक होते आणि लोखंडाचे वजन मात्र साधारण एकतृतीयांशानेच वाढते, त्यामुळे हा सौदा नेहमी फायद्याचा ठरतो. जुन्याच चॅनेलला पट्टी मारून बळकटी द्यायची असल्यास पट्टीची टोके तिरकी कापावीत आणि वेल्डिंग चॅनेलच्या लांबीच्या दिशेने करावे. चॅनेलच्या खालच्या पाकळीवर (आडव्या कडेवर) आडवी वेल्डिंग घेतली की ताणाखाली असलेल्या नेमक्या त्याच ठिकाणी चीर पडते. बंद चौकोनी नळ्या दिसायला सुबक असतात, पण आपल्या दमट हवेत त्यांच्या पोटात पाणी साचून त्या आतून गंजतात, आणि बाहेरचा रंग शाबूत असल्यामुळे ते कळतही नाही. उघडा चॅनेल निदान दिसतो तरी. वेल्डिंगच्या कमी हायड्रोजनच्या कांड्या वापरणार असाल, तर त्या पूर्ण कोरड्या असल्याची खात्री करा. आषाढात उघड्या पुडक्यातून काढलेली कांडी वरून उत्तम टाका देते आणि आतून दगा देते.

फाळके उंच करण्याला माझा साफ विरोध आहे. तुमच्या हौद्याचे माप दिले नाहीत, पण तो सात फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि सव्वा फूट खोल धरला, तरी त्यात एक घनमीटरहून अधिक माल मावतो. ओली माती दर घनमीटरला दीड टनाच्या पुढे भरते. म्हणजे आत्ताच्याच फाळक्यांपर्यंत माती भरली, तर तुम्ही कागदावरच्या मर्यादेच्या पलीकडे जाता. पाला किंवा नारळाची सोडणे (सालपटे) नेण्यासाठी उंची हवी असेल, तर काढता येणारी जाळी लावा. जाळी असली की तिच्यात कोणी माती भरत नाही.

कुळागरी (सत्तरी)

एवढ्या तपशिलाबद्दल मनापासून आभार. चॅनेल ७५ चाच आहे. टायरचा उल्लेख तुम्ही यादीत केलात, पण पुढे त्याविषयी काही लिहिले नाही. माझ्या टायरांवर मापानंतर ‘९५’ हा आकडा आहे, तो कशाचा?

यंत्रशाळा (फोंडा)

तो भारांक आहे, म्हणजे पूर्ण हवा भरलेली असताना एक टायर किती वजन पेलू शकतो याचा सांकेतिक आकडा. ८५ म्हणजे ५१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो आणि १०६ म्हणजे ९५० किलो. त्यापुढचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते.

आता हिशेब पाहा. एकूण २,००० किलोंपैकी २०० किलो दांडीवाटे ट्रॅक्टरवर गेले, असे धरले तरी १,८०० किलो ट्रॉलीच्या दोन चाकांवर उरतात, म्हणजे प्रत्येकी ९००. तुमचे दोन्ही टायर मिळून १,३८० पेलतात. आधीच्या मालकाने केव्हातरी स्वस्तातले टायर चढवलेले दिसतात. याचा अर्थ अडीच टन राहू द्या, कागदावर लिहिलेले वजनसुद्धा तुमची ट्रॉली आज नेऊ शकत नाही. माझ्या मते पहिला खर्च येथे करावा. भारांक १०६ किंवा त्याहून अधिकचे टायर घ्या, रिमही तेवढ्या वजनाची आहे ना ते पाहा, आणि टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा. ‘२३१९’ असे असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शिल्लक असूनही उन्हातान्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचे रबर तडकलेले असते.

घाटवाट (केरी)

मी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी राहते. शेतीची वाहतूक आमच्याकडे बरीचशी चढउताराचीच आहे. यंत्रशाळांनी लोखंडाचे सर्व सांगितले, पण माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न ट्रॉली वजन पेलेल का हा नसून ते वजन उतारावर थांबेल का हा आहे. तुमच्या ट्रॉलीला ब्रेक आहेत का, हे तुम्ही लिहिलेले नाही. नसावेत, असा माझा अंदाज आहे.

एक हिशेब मांडते. ट्रॅक्टर चालकासह १,००० किलो आणि भरलेली ट्रॉली १,५५० किलो धरली, तर एकूण २,५५० किलो झाले. आठास एक उतारावर त्यांतले सुमारे ३२० किलो सतत खाली ओढत असतात. ब्रेक केवळ ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना असतील आणि त्या चाकांवर साधारण ८४० किलो भार असेल, तर कोरड्या वाटेवर, घर्षणाचा गुणांक ०.६ धरल्यास, त्यांची पकड ५०० किलोपर्यंत जाते. गाडी थांबते. पण तीच वाट ओली आणि शेवाळलेली असेल, गुणांक ०.३ वर आला असेल, तर पकड उरते २५० किलोंची. म्हणजे चाके पूर्ण जाम केली तरी सगळे धूड घसरतच राहणार. तेथे ब्रेक कितीही नवे असोत, त्यांचा उपयोग नाही, कारण कमतरता ब्रेकची नसून ब्रेक लागलेल्या चाकांवरच्या भाराची आहे. ट्रॉलीच्या चाकांनाही ब्रेक असतील, तर तिच्या चाकांवरचे तेराशे-चौदाशे किलो हिशेबात येतात आणि त्याच शेवाळलेल्या वाटेवर पकड साडेसहाशेच्या वर जाते.

म्हणून अ‍ॅक्सल बदलणारच असाल, तर ब्रेकड्रम असलेलाच घ्या. नंतर बसवणे महाग पडते. ट्रॉलीने पुढे ढकलले की आपोआप लागणारे ब्रेक मिळतात आणि सपाट भागात ते चांगले काम करतात, पण लांब उतारावर ते अखंड लागलेले राहून तापतात आणि मागे घेताना, त्यांत सोडवणुकीची सोय नसेल तर, अडतात. चालकाच्या हातात किंवा पायाखाली असलेला ब्रेक मी केव्हाही पसंत करीन. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर ब्रेक जोडून देतो असे कोणी म्हणाले, तर ट्रॉलीब्रेकसाठीचा स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवणार आहात का, असे विचारा. अवजारे उचलण्याच्या लिव्हरवर जोडलेला ब्रेक एक तर लागत नाही किंवा एकदम जाम होतो.

चालवण्याविषयी एवढेच सांगते की, रस्त्यावर येताना ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडलेच पाहिजेत. शेतात वळण घेण्यासाठी ती कडी काढतात आणि मग तशीच विसरतात. भरल्या ट्रॉलीसह उतारावर एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याला रेटत नेते. उतरणीच्या तोंडाशीच थांबून, ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. मधेच क्लच दाबू नये आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे तर पूर्ण वर्ज्य समजावे.

टिलरवाला (पेडणे)

विषय ट्रॅक्टरचा असला तरी आमच्याकडे पॉवर टिलरला (हँडल धरून चालवायच्या दोनचाकी नांगरणी यंत्राला) ट्रॉली लावणारे पुष्कळ आहेत, म्हणून एक भर घालतो. टिलरच्या ट्रॉलीत चालक ट्रॉलीवरच बसतो आणि पायाखालचा ब्रेक ट्रॉलीच्याच चाकांना लागतो, ही रचना घाटवाटताई म्हणतात त्या दृष्टीने चांगली आहे. धोका दुसरीकडे आहे. सपाटीवर डावीकडचा स्टिअरिंग क्लच (त्या बाजूच्या चाकाला इंजिनपासून सोडवणारा) दाबला की टिलर डावीकडे वळतो. भरल्या ट्रॉलीसह उतारावर मात्र डावे चाक मोकळे सुटून पुढे धावते, उजव्या चाकाला इंजिन रोखून धरते आणि टिलर उजवीकडे वळतो. नवा चालक घाबरून तोच क्लच आणखी दाबतो. उतारावर क्लचला हात न लावता हँडलच्या जोरावर वळवावे, आणि वजन वाढवायचे म्हटले तर ते हँडल आवरणाऱ्या माणसाच्या ताकदीचाही विचार करावा.

नियमपत्र (पणजी)

कागदाची बाजू मांडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन असून त्याची नोंदणीही स्वतंत्र होते. कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. तुम्ही अ‍ॅक्सल ६० चा करा नाहीतर ८० चा, पुस्तकात एकूण वजन २,००० किलो लिहिलेले असेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मर्यादा तीच राहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. अपघात झालाच, तर अशा बदलामुळे विमा कंपनीला वाद घालण्यास आयते निमित्त मिळते.

त्याच मापाचा, चांगल्या प्रतीचा सुटा भाग बसवणे ही दुरुस्ती झाली. अ‍ॅक्सलचा प्रकार, चाकांची संख्या किंवा हौद्याचे माप बदलणे हा फेरफार झाला आणि त्यासाठी आधी वाहतूक खात्याच्या कार्यालयात विचारणा करणे आवश्यक आहे. अडीच टनांची गरज कायमची असेल, तर तेवढ्या वजनासाठी मान्यता असलेली तयार ट्रॉली घेणे हाच सरळ मार्ग होय. चिरा हे गौण खनिज असल्याने खाणीवरून आणलेल्या मालाची कागदपत्रे सोबत ठेवा. मागचे लाल दिवे आणि परावर्तक चालू स्थितीत हवेत, हे पावसाळी संध्याकाळी आपल्या रस्त्यांवरून जाणाऱ्याला सांगावे लागू नये, तरी सांगतो.

डिचोलीचा भाऊ

दोन अ‍ॅक्सल, चार चाके असा पर्याय कोणी सुचवला नाही. वजन विभागले जाईल ना?

यंत्रशाळा (फोंडा)

विभागले जाईल, पण दोन्ही अ‍ॅक्सलच्या कमानी मधल्या, तराजूसारख्या झुलत्या दांड्याने एकमेकींना जोडलेल्या असतील तरच. स्वतंत्रपणे बसवलेल्या दोन अ‍ॅक्सलची ट्रॉली उंचवट्यावर चढली की सगळा भार क्षणभर एकाच अ‍ॅक्सलवर येतो. शिवाय कुळागराच्या अरुंद वळणांवर चारही चाके घासत वळतात, त्याने टायर झिजतात आणि वाटही उखडते. नियमपत्रांनी सांगितलेली नोंदणीची अडचण वेगळीच. या ट्रॉलीसाठी मी तो मार्ग घेणार नाही.

त्यापेक्षा कुळागरीदादांनी एकदा वजनकाट्यावर जाऊन यावे. डिचोली-साखळीच्या बाजूला काटे आहेतच. तीन वजने घ्या: फक्त ट्रॅक्टरची पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण ट्रॅक्टर, आणि शेवटी फक्त ट्रॉलीची चाके. रिकाम्या ट्रॅक्टरची पुढची-मागची वजनेही वेगळी घ्या. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे, नाहीतर चढावर स्टिअरिंग हलके पडते.

कुळागरी (सत्तरी)

काट्यावर जाऊन आलो. चालकासह ट्रॅक्टर एकटा १,००० किलो भरला, त्यांत पुढे ४०० आणि मागे ६००. ट्रॉलीत ३० चिरे होते, ते १,०५० किलो भरले. मजुरांनी ते नेहमीप्रमाणे पुढच्या फळीला टेकवून रचले होते. तेव्हाची वजने अशी: ट्रॅक्टरची पुढची चाके २६०, मागची १,१६०, ट्रॉलीची चाके १,१३०. नंतर तेच चिरे अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे येतील असे रचून पुन्हा काट्यावर घेतले, तेव्हा अनुक्रमे ३४०, ८४० आणि १,३७० आले. एकूण वजन दोन्ही वेळा २,५५० च.

यंत्रशाळा (फोंडा)

फार उपयोगी आकडे दिलेत. पहिल्या रचनेत दांडीवर ४२० किलो आले, म्हणजे भरल्या ट्रॉलीच्या २७ टक्के. त्यामुळे पुढच्या चाकांवरचे १४० किलो उचलले गेले. सपाटीवर २६० चालून जाईल, पण आठास एक चढावर हा आकडा आणखी खाली येतो. दुसऱ्या रचनेत दांडीवर १८० किलो, म्हणजे साधारण साडेअकरा टक्के आहेत. दहा ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान राहणे योग्य, त्यामुळे हीच रचना कायम ठेवा आणि हौद्याच्या तळावर रंगाने रेघ मारून घ्या, म्हणजे मजुरांना दर वेळी सांगावे लागणार नाही. चिरे मागे रचून दांडी हलकी करण्याच्या फंदात मात्र पडू नका. मग ट्रॉली शेपटी हलवू लागते. दुसऱ्या रचनेत ट्रॉलीच्या चाकांवर १,३७० आहेत आणि तुमच्या टायरांची मर्यादा १,३८०, म्हणजे ३० चिरे हीच आजची कमाल आहे.

घाटवाट (केरी)

आणि ट्रॉलीला ब्रेक बसेपर्यंत, वाट ओली असताना हे ३० सुद्धा नकोत. बांधाचे काम दिवाळीनंतर, वाट कोरडी झाल्यावर काढा.

कुळागरी (सत्तरी)

तसेच ठरवले आहे. फाळके आहेत तेवढेच राहतील, वरती जाळी येईल. टायर आणि रिम आधी घेत आहे. अ‍ॅक्सल ब्रेकड्रमसह घेण्याबाबत आणि चॅनेल बदलण्याबाबत वाहतूक कार्यालयात लेखी विचारणा करून मगच वेल्डिंगवाल्याकडे जाईन. एक शेवटची शंका: दांडीच्या पिनेऐवजी आत्ता जाड सळई घातलेली आहे, ती चालेल का?

यंत्रशाळा (फोंडा)

नाही. सळई साध्या पोलादाची असते, हळूहळू वाकते आणि झिजून भोकही मोठे करते. त्या मापाची कडक पोलादाची पिन घ्या, खालून क्लिप लावा आणि दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून बांधा, म्हणजे पिन निसटली तरी दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांवर अडकेल. दांडी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच जोडायची, वरच्या लिंकला नाही. नवे रिम बसवल्यावर पहिली भरलेली फेरी झाली की चाकांचे नट पुन्हा आवळा. अ‍ॅक्सल बदलाल तेव्हा यू-बोल्टही तसेच आवळा आणि हबला हात लावून पाहा; एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला, तर त्या बाजूचे बेअरिंग जास्त आवळले गेले आहे किंवा त्यात ग्रीस कमी आहे.